पुरुषार्थ आणि हजेरी : ओकोंक्वो, फकिरा व चोमा

'पुरुषार्थ' हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी वावरतो. धर्म, अर्थ, काम व मोक्ष ही मनुष्यजन्माची चार साध्ये, हा त्याचा शास्त्रातील अर्थ. आणि 'यात कसला आला आहे पुरुषार्थ?' असे आपण एखाद्यास हिणवून विचारतो, तेव्हा मर्दपणा व कर्तबगारी हा त्याचा व्यवहारातील अर्थ. आयुष्याचे साध्य आणि पुरुषाचा पराक्रम ज्या भाषेने एकाच शब्दात बसविला, त्या भाषेच्या वाचकास चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी परकी वाटण्याचे कारण नाही. नायजेरियातील इग्बो लोकांच्या भाषेत 'अग्बाला' असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ स्त्री, आणि दुसरा अर्थ ज्याने समाजात एकही मानाची पदवी मिळविली नाही असा पुरुष. ओकोंक्वो हा या कादंबरीचा नायक. लहानपणी एका सवंगड्याने त्याच्या बापास 'अग्बाला' म्हटले, आणि तो शब्द त्या मुलाच्या काळजात जन्मभर काट्यासारखा रुतून राहिला. कादंबरीचे सारे बीज या एका शब्दात आहे.

हे पुस्तक आमच्या हाती आले ते बेंगळुरूच्या अव्हेन्यू रोडवर. तेथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रविवारची सकाळ घालविणे हा आमच्यासारख्या बदलीवर आलेल्या नोकरदाराचा स्वस्तातला विरंगुळा. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिकांच्या ढिगाखाली हे नारिंगी पाठीचे लहानसे पुस्तक दडलेले होते. त्याच आठवड्यात आम्ही गावाहून आणलेली अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी पुन्हा वाचावयास घेतली होती. अचेबे यांचे पुस्तक 1958 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि 'फकिरा' 1959 साली. एका वर्षाच्या अंतराने, परस्परांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन लेखकांनी, परकी राजवट गावाच्या वेशीवर येऊन उभी राहते तेव्हा गावातल्या शूर पुरुषाचे काय होते, हा एकच प्रश्न हाती घेतला. दोघांनी दिलेली उत्तरे मात्र निरनिराळी आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम ओकोंक्वोचा परिचय करून देणे अवश्य आहे. त्याचा बाप उनोका हा बासरी वाजविणारा, ताडी पिणारा, हसतमुख आणि कर्जबाजारी मनुष्य. तो मेला तेव्हा त्याच्या नावावर कर्जाखेरीज काही नव्हते. अशा बापाच्या पोटी आलेला ओकोंक्वो वयाच्या अठराव्या वर्षी सात वर्षे अजिंक्य राहिलेल्या मल्लाला चीत करतो, दुसऱ्याकडून सुरणासारख्या याम नावाच्या कंदाचे बियाणे उसने घेऊन शेती उभी करतो, तीन बायका करतो, दोन पदव्या मिळवितो आणि युद्धात पाच शिरे आणतो. याम हे त्या समाजात पुरुषाचे पीक. ज्याचे कोठार यामने भरलेले तो पुरुष, हा तेथील हिशेब. ओकोंक्वोने हा हिशेब दमडीचीही तूट न ठेवता पुरा केलेला आहे.

असे असता त्याच्या आयुष्यात उणे काय? अचेबे यांचे मोठेपण असे, की त्यांनी या पराक्रमाच्या मुळाशी असलेले भय उघडे करून दाखविले आहे. ओकोंक्वो शत्रूला भीत नाही, देवांनाही बेताचाच भितो; परंतु आपण बापासारखे ठरू, या एका भीतीने त्याची प्रत्येक कृती हाकली जाते. शेजारच्या गावाकडून खुनाची भरपाई म्हणून आलेला इकेमेफुना हा मुलगा तीन वर्षे त्याच्या घरी राहतो व त्याला बाप म्हणू लागतो. दैवताच्या आज्ञेने त्या मुलाचा वध ठरतो, तेव्हा गावातील एक वडीलधारा गृहस्थ ओकोंक्वोस बजावतो, की या कामात तुझा हात नसावा. तरीही तो बरोबर जातो, आणि मुलगा जीव वाचविण्यास त्याच्याकडेच धावत येतो तेव्हा आपण दुबळे दिसू या भयाने स्वतःच घाव घालतो. ज्या समाजाच्या रीतीसाठी आपण हे करतो असे त्याला वाटते, त्या समाजानेच त्याला यातून मोकळीक दिलेली होती. त्याचा पुरुषार्थ गावाच्या मागणीच्याही पुढे गेला, आणि तेथेच त्याचा पाया खचला. पोटचा मुलगा न्वोये पुढे मिशनऱ्यांकडे जातो, त्याचे एक कारण या रात्रीत आहे.

आता 'फकिरा'कडे वळू. या कादंबरीशी आमचा संबंध पुस्तकाच्याही आधीचा आहे. आमचे गाव वारणेच्या खोऱ्यातले. वाटेगावच्या फकिराची गोष्ट आम्ही पारावर बसून, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून, दिवाळीच्या सुटीत अनेकदा ऐकली. आणि लिहिण्यास संकोच वाटतो तरी हेही लिहिले पाहिजे, की आम्ही पारावर बसत होतो आणि मांगवाड्यातील मुले पाराखाली उभी राहून तीच गोष्ट ऐकत होती. गोष्ट त्यांच्या घरातली होती. सांगणारे व टाळ्या देणारे आम्ही होतो. त्या वेळी यात काही वावगे आहे असे आमच्या मनासही शिवले नाही.

कादंबरीचा आरंभ राणोजी मांगापासून होतो. शिगावची जोगणी ज्या गावी जाईल त्या गावी जत्रेचा मान जातो. तो मान आपल्या गावास मिळावा म्हणून राणोजी एकटा जातो, जोगणी आणतो, आणि पाठलाग करणाऱ्यांच्या हातून मारला जातो. गावाला जत्रा मिळते, राणोजीच्या घराला वैधव्य मिळते. त्याचा मुलगा फकिरा मोठा होतो तो या उपकाराच्या छायेत. पुढे दुष्काळ येतो, माणसे अन्नावाचून मरू लागतात, आणि सरकारी दप्तरात मांग म्हणजे जन्मतः गुन्हेगार अशी नोंद होऊन त्यांच्यावर हजेरी लादली जाते. फकिरा धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो, सरकारी खजिन्यावर हात टाकतो, आणि अखेरीस आपल्यापायी सारी आप्तमंडळी सरकारने धरून ठेवली आहेत हे कळताच स्वतः होऊन हजर होतो.

दोन्ही नायक शूर, दोन्ही परक्या सत्तेपुढे पडतात, म्हणून त्यांना एकाच माळेत ओवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ओकोंक्वो गावाच्या मधोमध बसलेला आहे. मुखवटे घालून न्याय करणाऱ्या पूर्वजदेवतांपैकी एक तो स्वतः आहे. फकिरा गावाच्या कडेला आहे. गावाला त्याची तलवार हवी, त्याची राखण हवी, त्याच्या बापाने आणलेली जोगणी हवी. परंतु चावडीवर त्याला बैठक नाही. ओकोंक्वोचा पुरुषार्थ ही त्याची मिळकत आहे, फकिराचा पुरुषार्थ ही त्याच्यावर लादलेली चाकरी आहे. ज्याने बलुत्यावर जगायचे त्याने गावासाठी मरायचेही, असा तो करार. यामुळेच ओकोंक्वोच्या शौर्यात भय आहे आणि फकिराच्या शौर्यात ते नाही. ज्याची प्रतिष्ठा मुळात मानलीच गेली नाही, त्याला ती गमावण्याचे भय कोठून असणार? फकिराला आपल्या माणसांच्या पोटाची चिंता आहे. दोघांच्या अंतांची तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. ओकोंक्वो कचेरीच्या शिपायाचे डोके उडवितो, आणि गाव आपल्यामागे उठत नाही हे पाहून गळफास घेतो. त्याच्या धर्माप्रमाणे आत्महत्या हे महापातक, म्हणून ज्या गावासाठी तो लढला त्या गावाची माणसे त्याच्या देहास हातही लावू शकत नाहीत. फकिरा आपल्या माणसांना सोडविण्यासाठी स्वतःला सोपवितो. एकाने मान राखण्यासाठी माणसे गमावली, दुसऱ्याने माणसे राखण्यासाठी मान सोडला. आमच्या मते दुसरा पुरुषार्थ पहिल्याहून कठीण आहे.

परकी सत्ताही दोन्हीकडे एका रूपाने आली नाही. 1818 नंतर दख्खनमध्ये इंग्रजांना पाटील-कुलकर्ण्यांची व्यवस्था तयार मिळाली आणि त्यांनी ती बव्हंशी वापरून घेतली. इग्बो मुलखात राजा नव्हता, पाटीलही नव्हता. वडीलधाऱ्यांच्या व पदवीधरांच्या सभेत वाद करून निर्णय होत. 1914 साली उत्तर व दक्षिण नायजेरिया एकत्र करणारे गव्हर्नर लुगार्ड यांचा जन्म 1858 साली मद्रासेत झाला होता. स्थानिक प्रमुखामार्फत राज्य करावे हे त्यांचे धोरण. जेथे प्रमुख नव्हता तेथे सरकारने सनदी प्रमुख निर्माण केले. अचेबे यांच्या 'ॲरो ऑफ गॉड' या 1964 सालच्या कादंबरीत एझेउलु नावाच्या पुजाऱ्यास असे प्रमुखपद देऊ केले जाते. तो नाकारतो आणि नकार दिला म्हणून कोठडीत पडतो. सत्ता देणारा इतका खात्रीत असतो, की ती कोणी नको म्हणेल हे त्याच्या गणितातच बसत नाही.

आपल्याकडे 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. 1911 साली त्याची व्याप्ती वाढली आणि स्वातंत्र्यानंतर 1952 साली तो रद्द झाला. या कायद्याने माणसाच्या कृतीऐवजी त्याची जात गुन्हा ठरविली. राणोजीची जी तलवार गावाच्या लेखी मानाची होती, तीच त्याच्या मुलाच्या हाती दरोडेखोरीची ठरली. तलवार तीच, हातही त्याच घरचा. बदलली ती नोंदवही. ओकोंक्वोचे पौरुष इंग्रजी राज्याने निरुपयोगी केले, फकिराचे पौरुष त्याने गुन्हा म्हणून नोंदविले.

परंतु येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जे मोडले ते सर्वांचेच होते काय? अचेबे यांच्या कादंबरीत 'ओसू' नावाचा एक वर्ग येतो. देवाला वाहिलेली ही माणसे गावाबाहेर राहात, त्यांच्याशी स्वतंत्र कुळातील कोणी विवाह करीत नसे, त्यांनी केस कापावयाचे नसत. मिशनरी आले तेव्हा ही माणसे तिकडे गेली, आणि तेथे त्यांना प्रथमच बरोबरीने बसावयास मिळाले. जुळी मुले अशुभ म्हणून रानात टाकून द्यावी लागलेली एक बाईही तिकडे जाते. ओकोंक्वोचे जग कोसळते त्याच क्षणी या माणसांचे जग उभे राहू लागते. अचेबे हे लपवीत नाहीत, हा त्यांच्या सत्यनिष्ठेचा पुरावा होय.

या संदर्भात आमच्या कचेरीतील एका कन्नड स्नेह्याने शिवराम कारंतांच्या 'चोमन दुडि' या 1933 सालच्या कादंबरीची आठवण करून दिली आणि जेवणाच्या सुटीत चार दिवस बसून ती आम्हांस समजावून सांगितली. त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहो. दक्षिण कन्नडातील चोमा हा होलेय जातीचा वेठबिगार. आपल्या हाताने आपली शेती कसावी, एवढीच त्याची इच्छा. परंतु अस्पृश्याने जमीन कसणे रूढीस मंजूर नाही. धर्म बदलला तर मिशनकडून जमीन मिळेल असा मार्ग त्याच्यापुढे येतो. मोह होतो, पाऊल उचलते, आणि अखेर तो ते मागे घेतो. उरते ती त्याची दुडी, ते लहानसे वाद्य. उनोकाची बासरी आणि चोमाची दुडी या दोन वाद्यांना त्यांच्या त्यांच्या गावात किंमत नव्हती. पुरुषाचे मोजमाप कोठारावर, शिरांवर व सातबाऱ्यावर होत असेल, तर वाजविणाऱ्याची जागा तळाशीच राहणार. ओकोंक्वोने बापाची बासरी थोडी जरी ऐकली असती, तर न्वोये त्याला सोडून जाता ना, असे आम्हांस राहून राहून वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत दोन्ही पुस्तके अपुरी आहेत, हे सांगितले पाहिजे. 'फकिरा'त राधेसारखी धीराची आई आहे, परंतु स्त्रिया बहुधा सोसणाऱ्या व पाठबळ देणाऱ्या म्हणूनच येतात. अचेबे येथे अधिक सावध आहेत. हातून चुकून एक मुलगा मारला गेला म्हणून ओकोंक्वोला सात वर्षे आजोळी राहावे लागते. नकळत घडलेला अपराध तेथे 'स्त्रीलिंगी' मानतात, आणि मर्दपणाच्या या पुतळ्यास अशाच अपराधाची शिक्षा आईच्या गावी भोगावी लागते. 'आई सर्वश्रेष्ठ' अशा अर्थाचे नाव मुलींना का ठेवतात, हा त्याच्या वृद्ध मामाने विचारलेला प्रश्न त्याला सुटत नाही. तरीही इग्बो स्त्रियांची स्वतःची सत्ता या कादंबरीत पुरती दिसत नाही. 1929 साली स्त्रियांवर कर बसणार या शंकेने हजारो स्त्रिया सनदी प्रमुखांच्या विरोधात उठल्या आणि सरकारी गोळीबारात पन्नासाहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. त्या उठावाची ठिणगी पडली ती माणसांची मोजदाद करणाऱ्या एका सरकारी हस्तकामुळे. ही उणीव पुढे इग्बो लेखिकांनी भरून काढली. बुची एमेचेटा यांच्या 'द जॉइज ऑफ मदरहुड' या 1979 सालच्या कादंबरीत लागोसला गोऱ्या साहेबाचे कपडे धुणारा नवरा आणि त्याच्याकडे पाहून मनात ओशाळणारी बायको यांचे चित्र आहे. घराबाहेर नमलेला पुरुष घरात धनीपण गाजवितो, हे तिथे इतके साधेपणाने येते की वाचताना आपणच मान खाली घालतो.

कलेच्या दृष्टीने पाहता दोन पुस्तकांत अंतर आहे. अचेबे मिशनच्या शिक्षकाच्या घरी वाढले, इबादानच्या महाविद्यालयात शिकले, आणि त्यांनी आपल्या नायकाकडे प्रेमाने परंतु तिऱ्हाइताच्या डोळ्याने पाहिले. अण्णा भाऊंना शाळा लाभली ती म्हणतात त्याप्रमाणे दीड दिवसाची. मुंबईच्या चाळीत व गिरणीत दिवस काढीत त्यांनी लिहिले. ते फकिराकडे तिऱ्हाइतासारखे पाहू शकत नव्हते, कारण तो त्यांच्या रक्ताचा होता. म्हणून 'फकिरा'त नायक निर्दोष आहे, प्रसंग भडक आहेत, साहेब ठोकळेबाज आहेत. ओकोंक्वोसारखे आतून तडकलेले मन येथे शोधू नये. परंतु ज्याला शतकभर वहीत गुन्हेगार म्हणून लिहिले गेले, त्याला कादंबरीत आणताना प्रथम त्याचे दोष दाखवावेत ही अपेक्षा करणारा टीकाकार कोणत्या बाजूला बसून बोलतो, हेही विचारले पाहिजे. महाकाव्याचा सूर येथे लेखकाची मर्यादा आहे तशीच त्याची गरजही आहे. 1961 साली राज्य शासनाने या पुस्तकास पारितोषिक दिले. ज्या गावाने राणोजीची जोगणी घेतली पण त्याला पारावर बसविले नाही, त्याची आठवण अशा वेळी झाल्यावाचून राहात नाही.

शेवटी आपल्यासारख्या वाचकांविषयी. या मासिकाचे बहुतेक वाचक आमच्याप्रमाणेच सरकारी नोकर, गाव सोडून आलेले. ओकोंक्वोच्या कथेत आपण कोठे आहोत? नायकाच्या जागी स्वतःला पाहणे सुखाचे असते, परंतु आपली खरी जागा दुसरीकडे आहे. गावच्या मुखत्यारांना कैद करून कमिशनर दोनशे पोती कवड्यांचा दंड ठोठावतो. कचेरीचे शिपाई गावात जाऊन अडीचशे सांगतात आणि वरची पन्नास वाटून घेतात. साहेबाला हे ठाऊक नसते, आणि गावाच्या लेखी सरकार म्हणजे हे शिपाईच. फकिराच्या कथेतही साहेब दूर असतो, हजेरीची वही मात्र आपल्यासारख्याच्या हातात असते. आणि पुस्तकाच्या अगदी अखेरीस, ओकोंक्वोचा देह झाडाला लटकत असता, कमिशनर आपल्या नियोजित ग्रंथात या मनुष्यास एखादा परिच्छेद द्यावा असा विचार करतो. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर आलेल्या फाइली उघडण्यास आम्हांस नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. एका माणसाच्या साऱ्या आयुष्याचे चार ओळींचे टिपण करणे हाच आमचा धंदा आहे. तो सोडता येत नाही. ज्याविषयी टिपण लिहितो तो टिपणाहून मोठा आहे, एवढे लिहिताना लक्षात ठेवता येते.

ज्यांना एकच पुस्तक वाचावयास सवड आहे त्यांना आम्ही अचेबे यांची 'नो लाँगर ॲट ईझ' ही 1960 सालची कादंबरी सुचवू. ओकोंक्वोचा नातू, न्वोयेचा मुलगा ओबी, लागोसच्या सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला विलायतेस पाठविले ते गावकऱ्यांच्या मंडळाने वर्गणी काढून. या मंडळाच्या लागोस शाखेच्या सभा वाचताना आपल्या मंडळाच्या सभा डोळ्यांपुढे येतात : तोच गावाचा अभिमान, तोच हिशेबावरून वाद, आणि मोठ्या पगारावर गेलेल्या गाववाल्याकडे पाहण्याची तीच कौतुकाची व हेव्याची नजर. ओबीचे जिच्यावर प्रेम आहे ती मुलगी ओसू कुळातली निघते, आणि ख्रिस्ती झालेले त्याचे आईबापही त्या लग्नास आडवे येतात. आजोबाने मोडलेले जग नातवाच्या घरात असे जिवंत आहे. कर्ज, घरी पाठवावयाचे पैसे, भावाची फी, राखावयाचा थाट, या ओझ्याखाली ओबी लाच घेतो आणि सापडतो. आजोबाला 'अग्बाला' म्हणवून घेण्याचे भय होते, नातवाला कमी पगाराचा दिसण्याचे भय आहे. भय तेच, कोठाराची जागा मोटारीने घेतली एवढेच.

येत्या दिवाळीत गावी गेलो की पारावरच्या त्या गोष्टीची आठवण होईलच. पार अजून आहे, सांगणारे मात्र राहिले नाहीत. आमच्या पुतण्याने 'फकिरा' वाचावी म्हणून प्रत बरोबर नेणार आहोत. पण ती त्याच्या हाती देण्यापूर्वी, पाराखाली उभे राहणाऱ्या आमच्या जुन्या वर्गमित्राच्या घरी जाऊन, त्या कथेची त्याच्या घरी सांगतात ती रीत ऐकावी असा बेत आहे. ती आम्ही आजवर ऐकलेलीच नाही.